बर्लिनच्या विद्यापीठाचा एक धडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमचे स्वतःचे शिक्षण जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिकपर्यंतच झाले. पुढे मास्तरकीचे शिक्षण घेऊन आम्ही सारे आयुष्य शाळेत घालविले. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. असे असता दूर जर्मनीतील एका विद्यापीठावर आम्ही बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. कार्यकारिणीने आम्हांस दिलेला विषय वेगळा होता. ‘आपला समाज आणि वाकाटक राजकुल’ यावर आम्ही बोलावे व तेच स्मरणिकेत छापावे, अशी मंडळींची इच्छा होती. तो विषय बदलून घेण्याची विनंती आम्ही केली आणि अध्यक्षांनी ती उदारपणे मान्य केली. बदल का मागितला, हे बोलण्याच्या ओघात सांगूच. आधी बर्लिनला जाऊन येऊ.

जर्मनीत याहून जुनी विद्यापीठे आहेत. हायडेलबर्गचे १३८६ सालचे, लाइपझिगचे १४०९ सालचे. त्या मानाने १८१० साली सुरू झालेले बर्लिनचे विद्यापीठ तरुणच म्हणावयाचे. परंतु आज जगात ‘संशोधन करणारे विद्यापीठ’ म्हणून जे ओळखले जाते, त्याचा नमुना घालून देण्याचा मान बव्हंशी त्याच्याकडे जातो. त्या वेळी नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला होता, मुलूख हातचा गेला होता व खजिना रिकामा होता. अशा पडत्या काळात विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या विद्वानाच्या सल्ल्याने राजाने विद्यापीठ काढले आणि उंटर डेन लिंडेन या राजमार्गावरील एक राजवाडाच त्यासाठी दिला. पुढे त्याला राजा फ्रेडरिक विल्हेल्मचे नाव मिळाले व १९४९ पासून ते हुम्बोल्ट विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

हुम्बोल्टची कल्पना साधी पण मूलगामी होती. शाळेत तयार ज्ञान दिले जाते. विद्यापीठात मात्र जे अजून कोणालाच ठाऊक नाही, त्याचा शोध गुरू व शिष्य यांनी मिळून घ्यावा. म्हणून शिकविणे व संशोधन ही दोन कामे निराळी न ठेवता एकाच माणसाने करावीत. आपण काय शिकवावे हे अध्यापकाने ठरवावे आणि कोणाकडे काय शिकावे हे विद्यार्थ्याने. व्याख्यानांच्या जोडीला तेथे ‘सेमिनार’ रूढ झाले. दहापंधरा विद्यार्थी एका मेजाभोवती बसतात, एकजण आपला निबंध वाचतो आणि उरलेले त्यातील कच्चे दुवे दाखवितात. तेथे प्राध्यापकाच्या मतालाही पुरावा मागता येतो. जन्मभर फळ्यापुढे उभे राहून ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्या आमच्यासारख्यास ही गोष्ट वाचूनच चटका लावून गेली.

तिकडील रीतिरिवाजही मौजेचे आहेत. दहाचे व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. मधल्या पंधरा मिनिटांस ‘विद्यापीठाचा पावतास’ म्हणतात. व्याख्यान आवडले तर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बोटांच्या पेरांनी बाके ठोकतात. आणि डॉक्टरेट मिळवावयाची तर निबंध नुसता लिहून भागत नाही. तोंडी परीक्षा द्यावी लागते व निबंध प्रसिद्धही करावा लागतो, म्हणजे आपण केलेले विधान जगापुढे उघडे राहते आणि कोणीही ते तपासू शकतो.

आता ‘यात आपल्या मुलखाचे काय?’ असा प्रश्न साहजिक येईल. त्याचे उत्तर असे की, बर्लिनच्या या विद्यापीठात आपली भाषा आपल्या फार आधी जाऊन पोहोचली होती. तेथे फ्रान्झ बॉप १८२१ पासून संस्कृत शिकवीत असत. त्यांच्या मागून आलेले प्राध्यापक आल्ब्रेख्ट वेबर यांनी हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ संपादून १८८१ मध्ये तिची संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. शेतातली, नदीकाठची, सासुरवाशिणींची ही गाणी महाराष्ट्री प्राकृतात आहेत, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. गोदाकाठच्या बायाबापड्यांचे बोल बर्लिनचा प्राध्यापक शब्दाशब्दाने तपासीत बसला होता, हे ध्यानात घ्यावे.

पुढे आपली माणसेही तेथे गेली. त्यांपैकी दोघांविषयीच बोलतो.

पहिले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात डॉक्टर झाले. पोथ्या जुळवून मूळ पाठ कसा ठरवावा याची शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणविली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. १९२५ मध्ये तिचे प्रधान संपादकत्व सुखठणकरांकडे आले व १९४३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. देशभरच्या निरनिराळ्या लिप्यांतील १,२००हून अधिक हस्तलिखिते या कामी पाहिली गेली आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहून घ्यावे, ही कथा आपणां सर्वांना लहानपणापासून प्रिय आहे. हस्तलिखिते जुळविता असे दिसून आले की, ती कथा मूळ पाठात धरता येत नाही. सुखठणकर स्वतः श्रद्धाळू घरचे होते की नव्हते, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. त्यांनी ती कथा आदिपर्वाच्या मूळ पाठातून काढली. मात्र फेकून दिली नाही. परिशिष्टात ती जशीच्या तशी छापली, आधारांसह. पुरावा जेथे ठेवावयास सांगतो तेथे त्यांनी ती ठेविली.

दुसऱ्या डॉ. इरावतीबाई कर्वे. त्यांच्यासाठीच हा विषय आम्ही घेतला.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्यांना पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या व मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याकडे १९२८ साली एम. ए. झाल्या. एम. ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी घेतलेला विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच ज्ञाती. आपल्या ज्ञातीची स्तुती करणारे पुष्कळ असतात. तिला अभ्यासाचा विषय करणारे थोडे.

त्यांचे यजमान दिनकर धोंडो कर्वे हे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राचे डॉक्टर झालेले होते. पत्नीनेही तेथे जावे अशी त्यांची इच्छा. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी देह झिजविला, त्या महर्षींनाही सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. हे आम्ही त्यांना उणेपणा आणण्यासाठी सांगत नाही. महर्षींच्या घरीही जी अडचण आली ती आपल्या घरी येणारच, एवढेच सांगावयाचे आहे. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन झाली आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

त्या वेळचे बर्लिन म्हणजे विद्येची राजधानी. आइन्स्टाइन तेथेच होते. लीझे माइटनर ही पदार्थविज्ञानाची विदुषी १९२६ मध्ये त्या विद्यापीठात प्राध्यापक झालेली होती. प्रशियात मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९०८ पासून, म्हणजे त्या गोष्टीला अवघी वीस वर्षे झाली होती. इरावतीबाईंचे काम शहराबाहेरील डालेम भागात, १९२७ मध्ये उघडलेल्या मानवशास्त्राच्या एका संस्थेत चाले. तिचे संचालक ऑइगेन फिशर हे विद्यापीठातही मानवशास्त्राचे प्राध्यापक होते आणि इरावतीबाईंचे मार्गदर्शक तेच.

फिशर यांची समजूत अशी होती की, गोऱ्या युरोपीय लोकांची बुद्धी जात्याच अधिक तर्कशुद्ध आहे आणि याची खूण कवटीच्या आकारात सापडेल. माणसाच्या कवटीचे उजवे व डावे अंग अगदी सारखे नसते. हा फरक वंशावंशांत कमीअधिक असतो व त्यात युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसते, असे त्यांना सिद्ध व्हावयास हवे होते. ते काम त्यांनी या हिंदी विद्यार्थिनीकडे सोपविले. युरोपीयांच्या आणि आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या मिळून १४९ कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. एकेका कवटीची दोन्ही अंगे मोजावी, टिपावी, पुन्हा ताडून पाहावी, असे ते काम. अखेर निष्कर्ष निघाला तो असा की, दोन्ही अंगांतील फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

येथे क्षणभर त्या बाईंच्या जागी आपण उभे राहून पाहावे. वय पंचविशीच्या आतले. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. घरून निघताना वडीलधाऱ्यांची नापसंती. पदवी ज्यांच्या हाती, त्यांनाच नको असलेले उत्तर. ‘थोडा संबंध दिसतो, अधिक संशोधन व्हावे,’ असे गुळमुळीत एक वाक्य लिहिले असते तर सारे सुरळीत झाले असते. इरावतीबाईंनी ते लिहिले नाही. मोजमापांनी जे सांगितले तेच त्यांनी लिहिले. फिशर यांनी त्यांना अगदी खालची श्रेणी दिली. परंतु पदवी नाकारता आली नाही. १९३० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. जर्मन विद्यापीठाची जुनी शिस्त ती हीच: निष्कर्ष गुरूला न रुचला तरी काम रीतसर झाले असेल तर शिष्याला पदवी द्यावीच लागते.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही निम्मेच सत्य सांगितल्यासारखे होईल. १० मे १९३३ रोजी या विद्यापीठासमोरच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी वीस हजारांवर पुस्तके जाळली. ज्यांना आपण शिकलेले म्हणतो त्यांच्याच हातांनी. त्याच वर्षी फिशर त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्यू अध्यापकांना काढून टाकण्यात आले. लीझे माइटनरचा शिकविण्याचा अधिकार गेला. डालेमच्या संस्थेतील पंडितांनी वंशशुद्धीच्या नावाखाली माणसांना जबरीने नसबंदी करण्याच्या कामी आपली विद्या राबविली आणि पुढे महायुद्धात आउश्वित्झच्या छावणीत ठार झालेल्यांचे अवयव त्या संस्थेत तपासणीसाठी जाऊ लागले. प्राचीन गाथा ज्या नगरीने जपल्या, तिनेच हे केले. आज त्या चौकात जमिनीखाली काचेतून दिसणारी एक रिकामी खोली आहे. वीस हजार पुस्तके मावतील एवढी मोकळी फडताळे तीत आहेत. १९९५ मध्ये हे स्मारक झाले. आपली चूक आपल्या दारासमोर मांडून ठेवण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले, हेही नमूद केले पाहिजे.

विद्यापीठ तेच, ग्रंथालय तेच, कवट्या मोजण्याची साधनेही तीच. मग इरावतीबाई कोठे आणि फिशर कोठे, हा फरक कशाने पडला? एकाने उत्तर आधी ठरविले आणि पुरावा मागाहून शोधला. दुसरीने पुरावा आधी पाहिला आणि तो नेईल तेथे ती गेली. आमच्या अल्पमतीस एवढाच फरक दिसतो; पण त्यातून केवढा अनर्थ घडला, हे जगाने पाहिले.

इरावतीबाई परत आल्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र शिकविले आणि ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनची मोजपट्टी त्यांनी टाकली नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींची शरीरमोजमापे त्यांनी घेतली; आज ती पद्धत शास्त्रज्ञांनी पुष्कळशी मागे टाकली आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्या कामातून त्यांनी जे दाखविले ते ज्ञातिमंडळांनी अवश्य वाचावे असे आहे. एकच नाव लावणाऱ्या, पण आपसांत सोयरीक न करणाऱ्या पोटजाती म्हणजे एका मूळ जातीचे तुकडे, असे आपण समजतो. त्यांना तसे दिसले नाही. कुंभार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निरनिराळ्या समूहांची चाके निराळी, पद्धती निराळ्या. वेगवेगळ्या ठिकाणचे समूह एक धंदा करू लागले आणि एका नावाखाली आले, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ‘आपण सारे एका राजाचे वंशज’ असे जे प्रत्येक ज्ञाती म्हणते, त्यावर त्यांनी शांतपणे प्रश्नचिन्ह लावले. पुढे १९६७ मध्ये ‘युगान्त’ लिहिताना त्यांनी सुखठणकरांच्या त्याच चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला. बर्लिनला शिकलेली आपली ही दोन माणसे अशी महाभारतापाशी एकत्र आली. त्या पुस्तकास १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता आमच्या विषयबदलाकडे वळतो.

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. एवढा मान असूनही येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हे विद्वानांना ठाऊक नव्हते. १९३९ साली विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीमला उजेडात आला व सारे चित्र पालटले. त्यानंतर महामहोपाध्याय मिराशी यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख पुन्हा तपासला आणि पूर्वीच्या पंडितांचे वाचन दुरुस्त करून या शाखेच्या सर्वसेन राजाचे नाव त्यात वाचले. तांब्याच्या काही पत्र्यांपुढे मोठमोठ्यांची मते बदलली. बदलली म्हणून त्यांचा कमीपणा झाला नाही.

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही एक लेख लिहिला होता, तो ज्येष्ठांना आठवत असेल. आपला समाज वाकाटक राजकुलातून निघाला, असे आम्ही त्यात ठासून सांगितले. त्या लेखाचे फार कौतुक झाले. काही घरांत तो चौकटीत लावलेला आम्ही पाहिला. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नघरी आपल्याच एका कुटुंबातील मुलगी आमच्याजवळ आली. ती इतिहासात एम. ए. करीत आहे. नमस्कार करून तिने विचारले, “गुरुजी, तो लेख मी वाचला. त्याला पुरावा कोणता?”

आम्ही काहीतरी बोललो. आडनावातील साम्य, वडीलधाऱ्यांचे सांगणे, असे काही. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पण वाकाटक तर आपल्या लेखांत विष्णुवृद्ध गोत्र सांगतात. आपले गोत्र ते नाही.” मुलगी बोलली ती अत्यंत आदराने. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. चाळीस वर्षे मुलांना ‘खरे बोलावे’ असे शिकविलेल्या मास्तराने, टाळ्या मिळाव्या म्हणून, आधी उत्तर ठरवून लेख लिहिला होता. फिशर यांनी केलेले आणि आम्ही केलेले यांत अंतर जमीनअस्मानाचे आहे. कोणाचा जीव आमच्या लेखाने गेला नाही. परंतु वाट तीच होती. आपण थोर आहो हे आधी ठरवावे व मग इतिहासाला साक्षीला बोलवावे, ही ती वाट.

म्हणून आज या व्यासपीठावरून आम्ही तो लेख मागे घेत आहो. चौकटीत असेल तर कृपा करून काढावा. यंदाच्या स्मरणिकेत हे भाषण छापले जाईल, ते त्या लेखाची दुरुस्ती म्हणूनच छापावे अशी आमची विनंती आहे.

आपले पूर्वज राजे नसतील, तर काय बिघडले? त्यांनी या काळ्या मातीत कष्ट केले, दुष्काळ काढले, मुलांना वाढविले. त्यांचा खरा इतिहास आपल्याच घरांत आहे. माळ्यावरच्या पेटीतील खरेदीखते, मोडीतील कागद, जुन्या वह्या, तीर्थोपाध्यायांच्या बाडांतील नोंदी. कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा, जेथे जेथे आपली घरे आहेत तेथून हे कागद गोळा व्हावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. जे सापडेल ते छापावे. गैरसोयीचे सापडले तरी छापावे.

दुसरी विनंती शिष्यवृत्तीविषयी. मंडळाचा निधी डॉक्टर व इंजिनिअर होणाऱ्यांना जातो, तो जावाच. परंतु इतिहास, भाषा, समाजशास्त्र, मूलविज्ञान यांत संशोधन करू इच्छिणाऱ्या एकातरी विद्यार्थ्याला दरवर्षी साहाय्य मिळावे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही परदेशी विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. वर्षभराच्या राहण्याजेवणाची तजवीज मात्र आधी दाखवावी लागते. तेथवर पोहोचण्याची पात्रता असलेली मुले आपल्यात आहेत. आणि ते पहिले साहाय्य मुलीला मिळावे असे आम्हांस वाटते. इरावतीबाईंना कर्ज काढावे लागले होते. आपल्या मुलीवर ती पाळी येऊ नये.

ज्या मुलीने आम्हांस प्रश्न विचारला ती आज या सभेत बसली आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही. तिला संकोच वाटेल. तिने विचारलेला प्रश्न मात्र पुढच्या प्रत्येक स्मरणिकेच्या संपादकाने प्रत्येक लेखकाला विचारावा. आम्ही पुन्हा लिहिले तर आम्हांसही विचारावा.